एकशे अठरा वेढे

किसननगरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
रेवण कागद घेऊन आला.
हौसामावशी, एवढी एक कॉइल गुंडाळून देशील?
दुसरी मिळाली, ही मापाची मिळत नाही.

कागदावर दोन वाटा.
एक मोठ्या स्पीकरकडे, एक चिमुकल्याकडे,
आणि दोन्हींवर नाकी बसवलेली.

मी वागळे इस्टेटमध्ये, रोड नंबर सोळावर,
एकोणतीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली गुंडाळल्या.
कंपनी बंद झाली. हिशेबात थोडे पैसे आले
आणि बोटांत ही सवय उरली :
टीव्ही बघतानाही अंगठा तर्जनीवर फिरतो, मोजत.
कॉइल पुढे जाऊन काय करते
हे कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
नगावर पैसे होते,
प्रश्नावर नव्हते.

आता विचारलं.

तो म्हणाला, कॉइलला घाई सोसत नाही.
सावकाश हेलकावणारं, ढोलाचं, जाड, ते ती जाऊ देते,
सेकंदाला हजारदा थरथरणाऱ्याला आडवी येते.
कपॅसिटरचं बरोबर उलट.
म्हणजे चाळण, मी म्हटलं. कोंडा वर, पीठ खाली.
तसं तुटत नाही गं. उतरत जातं.
मग हद्दीवर कोण बोलतं?
तिथं दोघंही. अर्ध्या अर्ध्या आवाजात.

मला रत्नप्रभा आठवली.
शिफ्ट बदलताना मी उठत असायचे, ती बसत,
मशीन चालूच, दोघींचे हात एकाच बॉबिनवर.
तार एकदाही सैल पडली नाही.

प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा घेतला,
त्यावर एकशे एकवीस वेढे घातले.
त्याच्या मीटरने जास्त सांगितलं.
तीन काढले, तर काटेकोर.
रेवण माझ्याकडे बघत राहिला,
मी जणू मीटरला आधीच फोन केला होता.

रविवारी त्याने खोकी उघडी ठेवून जोडणी केली.
चिमुकल्याच्या तारा मुद्दाम उलट्या :
या मांडणीत कागदावर उलटं तेच कानाला सुलट.
वाजलं, पण मधे काहीतरी गढूळ.
तो कागद तपासत बसला, दोनदा, तीनदा.
मी फळीकडे बघितलं
आणि हसूच आलं.
दोन्ही कॉइली शेजारी शेजारी झोपवलेल्या!
अरे, एकीत सोडलं की दुसरीत उतरतं,
त्याचाच तर आम्ही पगार घ्यायचो.
एक उचलून दूर नेली, कडेवर उभी केली,
दुसरीकडे पाठही नाही, तोंडही नाही, अशी.
गढूळ निवळलं.

मग त्याने एक सूर लावला, नुसता सूर,
खालून वर चढत जाणारा.
जाड स्पीकरने तो चिमुकल्याच्या हाती कधी दिला
कळलंही नाही.
तो चढला, चढला,
आणि माझ्यासाठी जिना संपला.
रेवण अजून मान वर करून ऐकत होता.

प्रेसच्या खात्याला लागून माझी जागा होती.
बारीक आवाज तिथेच एकेक करून सुटले.
आता दारातून कुणी हाक मारली
तर माझ्याच नावातला स पोचत नाही,
हौ, आणि मग नुसता आ.

चिमुकल्यापुढचा रेझिस्टर कमी करू का, त्याने विचारलं,
तुला जरा जास्त येईल.
नको, म्हटलं. खोकी तुझी, कान तुझे.
पण बातम्या लावल्यावर
मी चिमुकल्यासमोर तळहात धरून बसले.
काही लागलं नाही हाताला.
मोठ्यासमोर धरला, तर बाई बोलत होती,
एवढं नक्की.

काढलेल्या तीन वेढ्यांची तार टेबलावर तशीच होती.
तांबं टाकवत नाही.
घरी आणून मोरीच्या दाराची कडी बांधली,
ती कधीची सुटत होती.